पत्र्याचं औषध आणि दाताचं औषध

टाचणे,

तू हे वाचणार नाहीस, ते मला माहीत आहे. जिवंत होतीस तेव्हाही माझं लिहिलेलं वाचायचा तुला कंटाळाच होता. "ताई, तोंडीच सांगा ना, हात गुंतलेत माझे," म्हणायचीस. मग आता तोंडी सांगितल्यासारखंच लिहिते, आणि तू मध्येच थांबवू नकोस.

लिहायचं कारण एवढंच, की लोक तुझ्याबद्दल फार गोड बोलायला लागलेत. सोशिक होती म्हणे. शांत होती. कधी कुणाला उणं बोलली नाही. डोंबल! माणूस गेलं की लोक त्याच्यावर लांबीचा लगदा भरून रंग मारतात, ठोकलेल्या गाडीवर मारतात तसा. वरून चकचकीत, खाली पोचे तसेच. तुला तसं रंगवलेलं मला बघवत नाही. तुला ठाऊक असलेलंच तुला पुन्हा सांगेन, त्याला इलाज नाही. हे दुसऱ्यांनीही वाचावं असं मला वाटतं, आणि त्यांना तू कोण हे कुठे माहीत आहे?

तर तू माझ्या धाकट्या भावाची बायको. गाड्यांच्या सीटची कव्हरं शिवायचीस. भाऊ गाड्यांचे पोचे काढायचा. सगळा रस्ता त्याला 'घण' म्हणायचा आणि त्यात त्याला मानच वाटायचा. खाली पत्र्याच्या छपराचं गॅरेज, एका बाजूला ठोकाठोक, दुसऱ्या बाजूला तुझं मशीन जमिनीत बोल्टने पक्कं केलेलं. वर जायला बाहेरून लोखंडी जिना, आणि वर दोन खोल्या. थिनरचा वास त्या खोल्यांच्या उशांनाही यायचा. मी तिथे जेवले की घरी येऊन दोन वेळा चूळ भरायची.

घण मारकुटा होता. हे मी त्याची सख्खी बहीण म्हणून सांगते, म्हणजे कुणाला आक्षेप घ्यायला नको. आमचा बापही तसाच. बाप मारताना हत्यार घ्यायचा, कधी रबरी हातोडा, कधी पट्टा. हा नुसता हात वापरायचा आणि तेवढ्यालाच सुधारणा समजायचा. "मी कधी काही फेकून मारलं का?" असं मला छाती काढून विचारायचा. गिऱ्हाइकाची कॉलर धरायचा, टायरवाल्याशी हमरीतुमरीवर यायचा. एकदा एका ट्रक ड्रायव्हरचं डोकं त्याने बॉनेटवर आपटलं आणि मग बॉनेटला पडलेला पोचा स्वतःच फुकट काढून दिला. हे तो जेवताना हसत हसत सांगायचा. तूही हसायचीस. हसताना तुझा हात डाव्या बरगडीवर असायचा, ते मी बघत होते.

तुला टाचणी हे नाव मी ठेवलं. लग्न होऊन आलीस आणि दुसऱ्याच आठवड्यात मशीनवर बसलीस. ओठांत एका रांगेत सात-आठ टाचण्या धरायच्या आणि त्या तशाच ठेवून बोलायचं, एकही पडू द्यायची नाही. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवायचे. पोरांच्या तोंडाला कुलूप घालायला मला डस्टर आपटावा लागायचा. तुझं कुलूप तुझ्याच ओठांत होतं.

आणि खोटं! काय सुरेख खोटं बोलायचीस गं तू. कव्हर बेतावं तसं बेतायचीस, कुठे ढिलं नाही, कुठे ताणलेलं नाही. डोळा काळा असला की "मशीनचं चाक सुटलं, त्याची मूठ लागली." दंडावर बोटं उठली असली की "फोमचा गठ्ठा उचलला, दोरी काचली." पोटातलं मूल गेलं तेव्हा "जिन्यावरून पाय घसरला." जिना लोखंडी, पाऊस पडून गेलेला, पायरीवर थिनर सांडलेलं. डॉक्टरने विचारायच्या आधी तू पायरीचा नंबरसुद्धा सांगितलास. त्या पायरीवरून तू पडली होतीस हे खरंच. तिच्यावर उभी असताना पोटात लाथ बसली होती, एवढंच सांगायचं ठेवलंस.

तेव्हा मी माझी छत्री घणाच्या पाठीवर मोडली. चांगली लाकडी दांड्याची छत्री. तो वळून म्हणाला, "म्हातारे, तुझ्यावर हात टाकत नाही म्हणून माजू नकोस." मी म्हटलं, "टाक ना, मी खोटं बोलणार नाही, एवढं लक्षात ठेव." त्याने टाकला नाही. दोनदा मी तुला माझ्या घरी घेऊन आले. दोन्ही वेळा तू परत गेलीस. कारण काय, तर "ताई, मशीन तिथे आहे." मशीन! जमिनीतून उपटून आणते म्हटलं तर म्हणालीस, "तुमच्या फरशीला बोल्ट बसणार नाहीत."

आता त्या कात्रीचं सांगते.

तुझ्याकडे एक मोठी कात्री होती, रेक्झिन कापायची. तिला दुसरं काही कापलेलं खपायचं नाही तुला. घणाने ती घासकागद कापायला उचलली. याआधीही उचलली असेल, कोण जाणे. त्या दिवशी मात्र तू टाचण्या ओठांत धरून, मान वर न करता म्हणालीस, "ती माझी कात्री आहे."

एवढंच. मला हे तूच पुढे सांगितलंस. सांगताना तुलाच नवल वाटत होतं, की इतक्या वर्षांत नेमकं तेव्हाच कसं तोंडातून गेलं.

त्याने मूठ वळली आणि तोंडावर मारली. टाचण्या होत्या तशाच होत्या. एक खालच्या ओठातून आरपार गेली, एक हिरडीत घुसली. समोरचा वरचा दात अर्ध्यातून तुटला आणि तुटता तुटता त्याच्या मधल्या बोटाच्या मुळाशी, मुठीच्या त्या टेंगळावर, जखम करून गेला. तुझं डोकं मागे मशीनच्या चाकावर आपटलं. शुद्धीवर आलीस तेव्हा तो उभा राहून स्वतःचा हात बघत होता आणि तुला म्हणत होता, "बघ, काय केलंस!"

आणि तू काय केलंस? आधी पांढऱ्या कव्हरवरचं रक्त पुसलंस. "रेक्झिनचं एक बरं असतं, ताई, लगेच पुसलं की डाग राहत नाही." तुझं हे वाक्य आठवलं की अजून माझी नस तडकते. मग ओठातली टाचणी स्वतःच्या हाताने उपसलीस. दाताचा तुकडा फोमच्या कचऱ्यात गेला तो गेलाच.

त्याची जखम दिसायला एवढीशी. जेमतेम नखाएवढी. पण रक्त बघितलं की मारकुटी माणसं आधी दवाखाना गाठतात, स्वतःचं असलं की. तुम्ही दोघं कोपऱ्यावरच्या दवाखान्यात गेलात. वाटेत ठरलं, त्याला पत्र्याने कापलं, तुला दार लागलं. पण दार सांगायची वेळच आली नाही. तू तोंडावर रुमाल धरून उभी राहिलीस, सर्दी झाल्यासारखी, आणि त्या डॉक्टरीणबाईंनी तुझ्याकडे बघितलंही नाही.

त्यांनी त्याला मात्र विचारलं होतं. चांगल्या बाई. "कुणाला मारताना तर लागलं नाही ना? मुठीवर अशी जखम असली की आम्हांला विचारावं लागतं."

घण जखमेवर फुंकर घालायला लागला. आणि तू रुमालाआडून म्हणालीस, "छे हो. गाडीचं दार सरळ करत होते. आतून हात घातला होता, पत्र्याची कड लागली. गंजका पत्रा होता, म्हणून मीच म्हटलं इंजेक्शन घेऊ."

बाईंना दुसरं काय वाटणार? गंजका पत्रा, गॅरेजमधला माणूस, शेजारी काळजी करणारी बायको. जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, सेफॅलेक्सिनच्या कॅप्सूल लिहून दिल्या. पत्र्याने कापलेल्या हाताला ते औषध योग्यच होतं. मी असते तर मीही तेच बरोबर म्हटलं असतं.

पण हात सुजला. आधी बोट, मग पंजाची पाठ, मग मनगट. घणाचं औषधशास्त्र गॅरेजमधलं. एका घावाने पोचा निघाला नाही तर दोन घाव घालायचे. त्याने एकाच्या जागी दोन-दोन कॅप्सूल गिळायला सुरुवात केली. तू त्याला पाणी देत होतीस. भलतं औषध दुप्पट घेतलं म्हणून ते बरोबर होत नाही, हे शाळेतल्या माझ्या ढ पोरालाही कळलं असतं.

मला फोन टायरवाल्याचा आला. "ताई, तुमच्या भावाने हातोड्याला हात लावला नाहीये. शिव्याही देत नाहीये. मला भीती वाटायला लागलीय." ज्या माणसाशी घणाची आठवड्यातून एकदा मारामारी व्हायची, त्याला त्याची काळजी. शेजार हा असा असतो.

मी जिना चढून वर आले तर दारातच वास आला. थिनरचा नव्हे. मेलेल्या उंदराचा असतो तसा. घण पलंगावर टेकून बसला होता, तापाने डोळे लाल, उजवा हात उशीवर ठेवलेला. हात कसला, फुगलेला हातमोजा. बोटं वळत नव्हती. त्या एवढ्याशा जखमेतून पिवळं काही तरी झिरपत होतं. आणि तू पलंगाच्या पायथ्याशी, तोंडावर रुमाल.

"काय झालं?" मी विचारलं.

"पत्र्याने कापलं," तुम्ही दोघं एकदम म्हणालात. एकदम! कधी बाजारात काय आणायचं यावर तुमचं एकमत झालं नाही.

"रुमाल काढ," मी म्हटलं.

"सर्दी आहे, ताई."

मी रुमाल ओढला. ओठ फाटून सुजलेला, त्यावर खपली, आणि समोरच्या दातात खिडकी. मी त्या खिडकीकडे बघितलं, मग त्याच्या मुठीकडे बघितलं. दोन्हींचं माप एकच होतं. यासाठी पदवी लागत नाही.

"हा पत्रा होय?" मी घणाला विचारलं.

त्याने डाव्या हाताने पाण्याचा तांब्या उचलून माझ्यावर फेकला. कधी काही फेकून मारत नाही म्हणणारा माझा भाऊ! तांब्या भिंतीवरच्या आरशाला लागला, त्याचे तुकडे झाले. तू खाली बसून काचा वेचायला लागलीस. मी म्हटलं, "राहू देत काचा. ऊठ. टायरवाल्याचा टेम्पो बोलव." तो ओरडत होता, "मी कुठेही जाणार नाही, या बाईला बाहेर काढ," आणि ओरडता ओरडता त्याचे दात थंडीने वाजत होते.

मोठ्या रुग्णालयातले सर्जन जाड चष्म्याचे, बोलायला सावकाश. मला सावकाश माणसांचा राग आहे, पण या माणसाचा आला नाही. त्यांनी घणाला सांगितलं, "मूठ वळा." घणाने प्रयत्न केला आणि गुरासारखा हंबरला. सर्जननी एक्स-रे उजेडात धरला, आत काही अडकलेलं नाही म्हणाले. कुठली औषधं चालत नाहीत का, ते विचारलं. मग कॅप्सूलचं रिकामं पाकीट हातात घेतलं.

"हे वाईट औषध नाही," ते म्हणाले. "आपल्या कातडीवर जे जंतू राहतात, त्यांना हे चांगलं झोडपतं. पत्र्याने कापलं, खिळा लागला, की बहुतेक वेळा तेच जंतू आत जातात. पण माणसाच्या तोंडात दुसरी वस्ती असते. तिथले काही जंतू या कॅप्सूलला भीक घालत नाहीत. त्यांच्यासाठी दुसरं औषध आहे. त्यात दोन औषधं एकत्र असतात. अमॉक्सिसिलिन जंतूंना मारतं. पण त्यांतले काही जंतू त्यालाच फोडून टाकतात, म्हणून सोबत क्लॅव्ह्युलनेट द्यायचं. ते त्या जंतूंचे हात धरून ठेवतं."

मारणारा एक आणि हात धरणारा एक. मी तुझ्याकडे बघितलं, तू जमिनीकडे बघत होतीस.

"आता मला एकच सांगा," सर्जन म्हणाले. "पत्रा असेल तर मी याच जातीचं जोरदार इंजेक्शन चालू करतो आणि उद्यापर्यंत वाट बघतो. दात असेल तर औषध दुसरं, आणि वाट बघायची नाही. मूठ वळलेली असताना दात सांध्यापर्यंत जातो. मूठ उघडली की वरची कातडी सरकते आणि भोकावर झाकण बसतं. जंतू आत कोंडलेले. तसं असेल तर आत्ता सांधा उघडून धुवावा लागेल, नाही तर पंजा जाईल. कदाचित त्याच्याही वर. शंका मला आहेच, पण निदान तुमच्या तोंडून ऐकू दे. कशाने लागलं?"

"पत्र्याने," घण म्हणाला.

"पत्र्याने कापलेला हात या औषधाने आतापर्यंत उतरायला हवा होता. म्हणजे एक तर ही कॅप्सूल खोटी, नाही तर तुम्ही."

घणाने तुझ्याकडे बघितलं. ती नजर मला ठाऊक होती. लहानपणी आमच्या घरात बाप तसाच बघायचा, आणि मग आई पटकन काही तरी रचून सांगायची. मी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात तू माझा हात दाबलास, इतक्या जोरात की माझी बांगडी वाकली. मला वाटलं, संपलं. आता पत्र्याची जाडीही सांगेल ही.

तू रुमाल काढलास. घडी केलीस, खिशात ठेवलास. सर्जनपुढे जाऊन ओठ वर उचललास.

"हा बघा पत्रा," म्हणालीस. "यांनी ठोसा मारला. माझा दात तुटला, तोच यांना लागला. त्या दिवशी दवाखान्यात खोटं बोलले ती मीच."

घणाने पायाने स्टूल उडवलं. ते तुझ्या गुडघ्यावर बसलं. तू गुडघा धरलास, पण ओठ सोडला नाहीस. सर्जननी तुझ्या तोंडात बॅटरी मारून नीट बघितलं, मग दाराकडे तोंड करून हाक दिली, आणि एका मिनिटात घण चाकांच्या खाटेवर होता. शिव्या देत, थुंकत, दोन वॉर्डबॉय दोन खांद्यांवर.

सांधा उघडला. आतला पू बाहेर आला तेव्हा भूल देणारीनेसुद्धा तोंड फिरवलं म्हणे. बोट वळवणारी-उघडणारी जी दोरी असते, तिचा कुजलेला भाग कापून टाकला. दोन दिवसांनी पुन्हा नेलं, पुन्हा धुतलं. नवं औषध शिरेतून थेंब थेंब चालू होतं. ताप उतरला. पंजा राहिला. मधलं बोट राहिलं, पण मुळातून वळेना.

पोलीस आला तेव्हा मी तिथेच होते. रुग्णालयानेच कळवलं होतं. भला माणूस, थकलेला. खाटेशी उभा राहून तुला म्हणाला, "बाई, तक्रार द्यायची?"

तू म्हणालीस, "तक्रार नको. कारण मात्र खरं लिहा."

"म्हणजे काय लिहू?"

"नवऱ्याने तोंडावर मारलं."

घणाला सलाईन डाव्या हाताला होतं. तोच हात त्याने तुला मारला. सुई उपसली गेली, रक्ताची चिळकांडी चादरीवर, तुझ्या गालावर, पोलिसाच्या बाहीवर. माझ्या हातात छत्री होती. पहिली मोडल्यावर घेतलेली, लोखंडी दांड्याची. मी ती त्याच्या नडगीवर घातली. एकदा नव्हे. सिस्टरने मला दंड धरून बाहेर काढलं. "आजी, हा वॉर्ड आहे!" मी म्हटलं, "म्हणूनच इथे मारलं, लगेच उपचार होतील." पोलीस खाली मान घालून हसला. तू हसली नाहीस. गालावरचं रक्त बोटाने पुसलंस आणि त्याला शांतपणे म्हणालीस, "हेही लिहा."

तक्रार नाही म्हणून पुढे काही झालं नाही. समज दिली, सोडून दिला.

नंतर रुग्णालयाच्या पायऱ्यांवर मी तुला विचारलं होतं. आडपडदा मला जमत नाही. "गप्प राहिली असतीस तर त्याचा हात गेला असता. तुझी सुटका होती. का बोललीस?"

तू जिभेने ती खिडकी चाचपलीस. मग म्हणालीस, "त्यांच्या हातासाठी नाही बोलले, ताई. डॉक्टर म्हणाले ना, कॅप्सूल खोटी नाही तर तुम्ही. मला एकदम वाटलं, कॅप्सूलने काय केलंय? किती वर्षं मी दाराला नावं ठेवली, जिन्याला ठेवली, मशीनला ठेवली. त्या मशीनने मला कधी बोटाला टोचलं नाही हो."

आणि मग टाचणे, तुझं तोंड जे उघडलं ते मिटलंच नाही. हे लोकांना सांगायचंय मला, जे तुला शांत म्हणतात त्यांना. गॅरेज पुन्हा उघडलं. पहिलंच गिऱ्हाईक म्हणालं, "अहो, दाताला काय झालं?" तू टाचण्या काढून हातावर ठेवल्यास. पूर्वी ठेवत नव्हतीस. "नवऱ्याने ठोसा मारला. कव्हर कुठल्या रंगात देऊ?" त्याच सुरात. हवापाणी सांगावं तसं. दूधवाल्याला सांगितलंस. शेजारणीला सांगितलंस. जिन्याचं विचारलं कुणी तर तेही सांगितलंस, लाथेसकट, मुलासकट. ऐकणाऱ्याचा चेहरा पडायचा, तू सुईत दोरा ओवायचीस.

घण पिसाळला. उजव्या हातात हातोडा धरवेना, डावा सरावलेला नाही. एक दिवस त्याने डाव्या हाताने तुझ्यावर हातोडा फेकला. नेम चुकला, एका नव्या कोऱ्या गाडीच्या दारावर बसला. संध्याकाळी गाडीवाला आला, "हा पोचा कसला? मी दिली तेव्हा नव्हता." तू म्हणालीस, "मला मारत होते, चुकून तुमच्या दाराला लागला." त्याने गाडी तशीच ओढून नेली. दुसऱ्या दिवशी आणखी एकाने नेली.

तो सुधारला असं मी म्हणणार नाही. सुधारायला आत काही तरी असावं लागतं. त्याला परवडेना, एवढंच. त्याचा प्रत्येक हात गिऱ्हाइकांपर्यंत पोचायला लागला. हात उगारायचा, मग त्याची नजर दाराकडे जायची, कोण उभं आहे बघायला. आणि उगारलेल्या उजव्या हाताची मूठ काही वळायची नाही. ते मधलं बोट तेवढं ताठ. टायरवाला रस्त्यापलीकडून ओरडायचा, "घणशेठ, आम्हांला का दाखवता?"

शेवटी तो एका कोपऱ्यात लांबी घासत बसायचा आणि गॅरेज तुझ्या कव्हरांवर चालायचं. एकदा त्याने मला विचारलं, "ताई, ती डॉक्टरीणबाई शहाणी असती तर पहिल्याच दिवशी बरोबर औषध दिलं असतं ना?" मी म्हटलं, "ती शहाणीच होती. तुम्ही तिला पत्र्याची जखम दिलीत, तिने पत्र्याचं औषध दिलं. दाताची दिली असतीत तर दाताचं दिलं असतं." त्याने मान फिरवली. त्याला अजून वाटतं कॅप्सूल बनावट होती. तू गेल्यावर भेटायला आलेल्यांनाही तेच सांगत होता.

तो दात. मी किती मागे लागले तुझ्या! "चल, बसवून घेऊ. माझ्या ओळखीची दंतवैद्य आहे, दुखवत नाही." तू दरवेळी, "बघू, पुढच्या आठवड्यात." त्या खिडकीतून तू दोरा तोडायचीस, तिच्यात सुई धरायचीस. मला वाटायचं, खर्चाला घाबरतेस. मी चिडायचे, "म्हातारपणी बोळकं होईल तुझं!" "होऊ दे की, तुमचं झालंच आहे," म्हणायचीस. तोंडाळ झाली होतीस अगदी.

मग गेल्या महिन्यात तूच फोन केलास. तू! मला! म्हणालीस, "ताई, दाताचं बघू या का? तुम्ही येता?"

"एवढ्या वर्षांनी बरं सुचलं!"

"आता कुणी विचारतच नाही हो, कसा पडला म्हणून. सगळ्यांना माहीत झालंय. मग ठेवून काय करू?"

तेव्हा मला कळलं, तू तो तसाच का ठेवला होतास. मी एवढी शिकलेली, मला तोवर कळलं नव्हतं. तूच म्हणालीस, "गुरुवारी या. अकराला. आणि छत्री आणा तुमची, ऊन फार आहे."

बुधवारी तू मशीनवर डोकं टेकलंस, ते पुन्हा उचललं नाहीस. टायरवाल्याला वाटलं, दमून झोपलीस. घण चार पावलांवर लांबी घासत होता, त्याला तेही वाटलं नाही. निळ्या कव्हराची एक बाजू शिवून झाली होती. टाचण्या दुसऱ्या बाजूला लावलेल्या होत्या, सगळ्या, तोंडात एकही नव्हती.

दंतवैद्यबाईंना मी गुरुवारची वेळ सांगून ठेवली होती. त्यांचा अकरा वाजता फोन आला, "येताय ना?" तू गेलीस तरी मी छत्री घेऊन दारात उभी होते.